कामरानचे बहिरे सिंथेसायझर

पडदा हळूहळू वर जातो. रंगमंचावर पत्र्याच्या छपराची एक खोली आहे. डावीकडच्या खिडकीतून दुपारचं ऊन तिरपं आत आलंय आणि त्या उन्हात रुईचे बारीक तंतू तरंगताहेत. मागच्या भिंतीशी लोखंडी पलंग. पलंगाखाली जुन्या ऑर्गनची दोन पायटी, म्हणजे पायाने हवा भरायच्या दोन फळ्या. बाकीचा ऑर्गन कुठेच नाही. मधोमध शिलाई मशीनचं टेबल आहे, पण त्यावर मशीन नाही, लॅपटॉप आहे. त्याच्यासमोर प्रेक्षकांकडे पाठ करून एक माणूस बसलाय. कानांवर हेडफोन, खांद्यांवर रुईची पांढरी साय. दारात एक म्हातारी उभी आहे, ती मी. या नाटकात माझं काम किरकोळ आहे.

साल दोन हजार सतरा, महिना डिसेंबर, गाव वडनेर भोलजी. पाठमोऱ्या माणसाचं नाव कामरान. वय त्रेचाळीस. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर.

त्याचे वडील कादरभाई आमच्या नाटक कंपनीत एकोणीस वर्षं ऑर्गन वाजवत होते. मी गाणारी, ते वाजवणारे, आणि आमच्यात एक ठरलेली गोष्ट होती. पद संपलं की मी उजवा हात पदराआड धरून हळूच खाली सोडायची. हात खाली जाईपर्यंत कादरभाई पायटी चालू ठेवायचे. सूर थांबलेला असायचा, पण भात्यात उरलेली हवा सुस्कारा टाकल्यासारखी बाहेर येत राहायची, आणि त्या सुस्काऱ्यावर मी पुढचं वाक्य उचलायची. रोज ती हवा वेगळी असायची. टाळ्या जास्त पडल्या तर लांब, मागे कुणी खोकत असलं तर आखूड. प्रेक्षकांना यातलं काही कळत नव्हतं. कळायची गरजही नव्हती.

एकोणनव्वद साली कंपनी बंद पडली. ऑर्गन कादरभाईंनी घरी आणला, त्याला वाळवी लागली, ते गेले त्याच वर्षी तोही मोडीत निघाला. राहिली ती दोन पायटी.

कामरानने बापाचा ऑर्गन लहानपणभर ऐकला होता. मोठा झाल्यावर तो नांदुऱ्याच्या एका बँडमध्ये कॅसिओ वाजवू लागला. लग्नसराई सोडली तर त्यात काही नव्हतं. मग बीटी कपाशी आली. दोन-चार हंगामांत आमच्या भागात दुसरं बियाणं दिसेनासं झालं आणि कापूस एवढा यायला लागला की रस्त्याकडेला नवनवे जिन उभे राहिले. आधी दिवाळी ते होळी चालणारा जिन मे महिन्यापर्यंत घरघरू लागला. कामरान तिथे हमाल म्हणून लागला आणि वर्षाच्या आत फिटर झाला. ते त्याच्या कानांमुळे.

जिनमधला आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून समजायचा नाही. ओळीने चोवीस मशिनी, प्रत्येकीत दोन चामडी रोलर, आणि सरकीपासून रुई ओरबाडणारी पाती. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. तिथले सगळे कामगार सकाळी आत शिरताना रुईची चिमूट घेतात, बोळा वळतात आणि कानांत घालतात. कामरानही घालायचा. पण एखादं मशीन बिघडलं की मुकादम शंकरराव त्याला हाताने खूण करायचे, आणि कामरान बोळे काढून त्या ओळीतून चालत जायचा. सातव्या मशिनीचा डावा रोलर बसला, पंधरावीची पाती रोलरला जास्त दाबली गेली, हे तो नुसतं ऐकून सांगायचा. मशीन उघडलं की तेच निघायचं. शंकररावांना याचा फार अभिमान. नवीन मालक आला की त्याला दाखवायचे, जणू मेळ्यातला खेळ. मग बोळे खिशातच राहू लागले. सारखे काढा, सारखे घाला, कोण करतं?

असे चौदा हंगाम गेले.

त्यातल्या शेवटच्या चार वर्षांत कामरानला नवीन वेड लागलं होतं. खामगावहून त्याने एक वापरलेला लॅपटॉप आणला आणि त्याच्या मुलीने, मलिहाने, त्यात सिंथेसायझर घालून दिले. मी विचारलं, पेटी कुठाय? तो हसला. पेटी नव्हतीच. पडद्यावर चित्रातली बटणं होती, ती फिरवली की आवाज बदलायचा. तयार आवाज त्यात शेकड्यांनी होते: बासरी, व्हायोलिन, डीजेवाल्यांची गुरगुर. कामरान त्यांना हात लावत नसे. तो पहिल्यापासून स्वतःचा आवाज घडवायचा. मला समजावून सांगताना म्हणाला होता, “हा कच्चा सूर पाहा ताई. करकरीत, खरखरीत. हा म्हणजे सरकीसगट कापूस. याले फिल्टरमधून काढला का तो रुई होते. किती सरकी ठेवाची, किती काढाची, थे आपल्या हातात.”

त्याला वडिलांचा ऑर्गन घडवायचा होता. एक सूर घ्यायचा, त्याच्या शेजारी केसभर उतरलेला दुसरा ठेवायचा म्हणजे दोन पट्ट्या एकत्र थरथरल्यासारखं वाटतं. त्याच्या खाली हवेचा फुसकारा घालायचा. मधल्या सप्तकातला मध्यम जरा पडलेला ठेवायचा, कारण कादरभाईंच्या ऑर्गनचा तो सूर कायम पडलेला होता आणि मी एकोणीस वर्षं तो सांभाळून गायले होते.

कुठला सिंथेसायझर घ्यावा याचा त्याने पार छडा लावला. फुकटचे सगळे उतरवून पाहिले, विकतच्यांचे पंधरा-पंधरा दिवसांचे नमुने पाहिले. त्यांना तो नावं द्यायचा. एक होता नवाब, दिसायला देखणा, पण तो उठेपर्यंत लॅपटॉपला घाम फुटायचा. एक मास्तर, फुकटचा, जो प्रत्येक सुराची आकृती पडद्यावर काढून दाखवायचा. आणखी चार-पाच होते. कामरानने एकेक करून सगळे टाकले. तक्रार एकच. “बहिरे हायेत ताई. वरचं काहीच देत नाहीत. पोत्यात तोंड घालून गाल्यावानी.” शेवटी त्याने एक निवडला, ज्याचं नाव त्याने करवत ठेवलं होतं. तो म्हणे खुला आवाज देतो.

इथवर हे वेड होतं. सतराच्या हिवाळ्यात ते पोटापाण्याशी येऊन भिडलं. त्या साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. बीटीवर अळी येत नाही असं सांगितलेलं, आणि बोंड फोडलं की आत अळी. कापूस डागाळलेला, थोडका यायला लागला. जिन एकाच पाळीवर आला आणि फेब्रुवारीत बंद होईल अशी बोलणी सुरू झाली. शंकररावांनी माणसं कमी करायला घेतली.

आमच्या कंपनीतल्या एका नटाची मुलगी निवेदिता अकोल्यात ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ चालवते. जाहिराती, शाळांची संमेलनं, नाटकांचं पार्श्वसंगीत. तिला आवाज घडवणारा माणूस हवा होता, कायमचा. मी कामरानचं नाव सांगितलं. ती म्हणाली, दहा आवाज पाठवायला सांगा, स्वतः केलेले, तयार नकोत. मी कामरानला सांगायला गेले तेव्हा तो जिनमधून नुकताच आला होता. सगळं ऐकून त्याने खांद्यांवरची रुई झटकली. मग जमीलाला, त्याच्या बायकोला, हाक मारून म्हणाला की आता कानांतली घरघर जाईल. तेव्हा मला वाटलं, तो जिनच्या घरघरीबद्दल बोलतोय.

त्याने दहा आवाज पाठवले. निवेदिताने ते परत केले आणि कळवलं की फार टोचतात, वरचा भाग कमी करा. त्याने बदलून पुन्हा पाठवले. दुसऱ्या खेपेला तिचा फोन मला आला. “बेबीताई, हे आधीपेक्षा जास्त टोचतात. कानात सुई घातल्यासारखं होतं हो. त्यांना माझा राग आलाय का?”

म्हणून मी एसटीने वडनेरला आले, आणि दारात उभी राहिले. पडदा वर गेला तो इथे.

जमीलाने मला पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, “हाका मारू नका. पाठीमागून ऐकू नाही येत त्यायले. मोबाईल वाजला तरी मीच सांगतो.” आणि लगेच, जणू नवऱ्याची चहाडी केली असं वाटून, हेडफोनमुळे म्हणून पुस्ती जोडली. हेडफोन घरात तीन होते. तीनही बहिरे निघाले होते.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो वळला. निवेदिताचं सांगणं ऐकून तो चिडला नाही, उलट समजावू लागला. तिच्याकडचे स्पीकर खराब असतील म्हणून त्याने दुसऱ्या वेळी आणखी धार लावली होती. मग हेडफोनची वायर काढून त्याने मला ऑर्गन ऐकवला. मी खरं सांगते, तो वडिलांचाच ऑर्गन होता. तो पडलेला मध्यम, ती थरथर. पण त्या सगळ्यावर एक किंचाळी बसलेली होती, पत्र्यावर खिळा ओढावा तशी. माझा हात आपोआप कानावर गेला. जमीला उठून चुलीकडे गेली. तो दोघींकडे पाहत होता.

“काऊन? काय झालं?”

मी म्हटलं, वर काहीतरी वाजतंय रे. तो म्हणाला, वर काहीच नाही, तीच तर तक्रार आहे. आणि दाखवायला म्हणून त्याने एक साधा सूर घेतला, ज्यात सरकी नाही, थरथर नाही, नुसता सूर. तो सूर त्याने हळूहळू वर चढवायला घेतला. माझ्या गळ्याची पट्टी गेली, बासरीची गेली, सूर शिट्टीसारखा बारीक झाला आणि चढतच राहिला.

“बस,” कामरान म्हणाला. “अठी बंद पडते. याच्या वर देतच नाही. आता तुमीच सांगा, बहिरं हाय का नाही?”

सूर वाजत होता. खोलीभर वाजत होता. मी त्र्याहत्तर वर्षांची बाई, मला ऐकू येत होता. चुलीपाशी जमीला त्याच्याकडे वळून उभी होती. तिच्या हातात उलथनं होतं.

आयुष्यभर मी रंगमंचावर वाक्य विसरलेल्या नटांना सावरलंय. त्या दिवशी सावरायला जमीलाच पुढे आली. तिने त्याच्यासमोर खाली बसून, ओठ दिसतील असं तोंड करून, त्यांच्या घरच्या बोलीत सांगितलं, “अभी बज रहा है. बंद नहीं हुआ.”

त्याने पडद्याकडे पाहिलं. बटण हलवलं. मग मास्तर उघडला, तो टाकून दिलेला फुकटचा सिंथेसायझर, आणि त्यात तोच सूर लावला. पडद्यावर बारीक लाट दाटीवाटीने थरथरत होती. तो ती कितीतरी वेळ पाहत राहिला. सूर आम्हा दोघींना असह्य होत होता, पण कुणी बंद कर म्हणालं नाही.

“म्हणजे थे बहिरे नव्हते,” तो म्हणाला.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केल्याने आतली नस गेली, ती परत येत नाही, कानाला मशीन लावलं तर बोलणं जरा बरं समजेल. कानांत घरघर होते का, असंही त्यांनी विचारलं. तो हो म्हणाला. ती जिनची नव्हती, आतलीच होती. शंकररावांना हे कळलं तेव्हा ते घरी आले, दाराच्या पायरीवर बसले आणि आत यायला तयार होईनात. मी असते तर त्यांना दोन शब्द सुनावले असते. कामरानने त्यांना चहा पाजला आणि विचारलं म्हणे, नवीन फिटर बोळे काढून तर नाही ना फिरत?

पंधरा-वीस दिवस त्याने लॅपटॉप उघडला नाही. टेबलावर पुन्हा शिलाई मशीन आलं. मग एका शुक्रवारी मी गेले तर मशीन परत खाली, आणि जमीला त्याच्या शेजारी स्टुलावर. करवत त्याने काढून टाकला होता. आता मास्तरवरच काम. जे ऐकू येत नव्हतं ते तो पडद्यावर पाहायचा, आणि जे पाहून कळत नव्हतं ते जमीला सांगायची. तिला रागदारी येत नाही, सूर-ताल येत नाही. पण तिचे शब्द नेमके असायचे. चुभता है. गले में अटका. अब धूप लगी. कामरान त्यावरून बटण केसभर फिरवायचा. जिनमध्ये शंकररावांच्या खुणेवर जसा चालत जायचा तसाच, सावकाश. पण आता बिघाड ऐकणारी ती होती.

दर शुक्रवारी मी जाऊन बसायचे. जानेवारीअखेर दहाही आवाज झाले. ऑर्गन तर असा झाला की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पदर सावरून बसले, आता प्रवेश आहे म्हणून.

आणि इथे मी एक चूक केली. मी त्याला म्हटलं, निवेदिताला कानांचं सांगू नकोस. रंगमंचावर आम्ही काय कमी लपवतो? ताप असतो, आवाज बसलेला असतो, चिठ्ठी मिळालेली असते घरी कुणी गेल्याची. प्रेक्षकाला पात्र दिसतं, पुरे. जमीलाची मान माझ्या बाजूने हलली. कामरानने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने मलिहाला फोन लावायला सांगितला आणि निवेदिताला सगळं सांगितलं. मला नंतर म्हणाला, “तठी रोज जमीला नसणार ताई. एखांद्या दिवशी मी पोराटोराच्या कानाले सुई लावीन अन् मलेच कळणार नाही.”

निवेदिताने जागा दुसऱ्याला दिली. मला सांगताना तिचा आवाज पडला होता. माझ्या मनात तिच्याबद्दल काही नाही, तिलाही स्टुडिओ चालवायचा आहे. पण ऑर्गन तिने घेतला. मार्चमध्ये खामगावात जुन्या नाट्यपदांचा कार्यक्रम ठरला होता, त्यात मी एक पद गावं, साथीला तो ऑर्गन, आणि वाजवायला कामरानच, असं तिने ठरवलं. एका कार्यक्रमापुरतं.

कामरान आता जिनमध्ये फिटर नाही. गाठी बांधायच्या प्रेसवर आहे, जोवर जिन चालू आहे तोवर. कानांत बोळे घालतो, घट्ट. शंकरराव सांगतात की आता मशीन बिघडल्याचं पाती तुटल्यावर कळतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तालीम होती. सभागृह रिकामं, खुर्च्यांवर धूळ, पंखे कुरकुरताहेत. कामरान डाव्या विंगेत लॅपटॉप मांडून बसला होता. एका खोक्यावर ती दोन पायटी ठेवलेली. वायर-बियर काही नाही, उगाच आणली होती. जमीला प्रेक्षकांत पहिल्या रांगेत. मी जवळजवळ तीस वर्षांनी उजेडात उभी राहिले. गुडघे दुखत होते. ऑर्गनने सूर दिला. मी गायले. मध्यम आला तेव्हा मी तो पूर्वीसारखा सांभाळला. आवाज कुठे फाटला, कुठे टिकला.

पद संपलं. सूर थांबला आणि भात्याची हवा सुटावी तितक्यात ती कचकन तुटली. त्याने लवकर बंद केलं होतं. दुसऱ्यांदा केलं तेव्हा हवा माझ्या पुढच्या वाक्यावर सांडत राहिली, तो वाट पाहत बसला होता, कशाची ते त्यालाही माहीत नव्हतं. ती हवा म्हणजे नुसता बारीक फुसकारा. त्याने तो पडद्यावर पाहून घडवला होता, जमीलाच्या शब्दांवरून. स्वतः त्याने तो कधी ऐकला नव्हता.

निवेदिता म्हणाली, तेवढा भाग ठरावीक सेकंदांचा करून टाकू, आपोआप थांबेल. कामरानने मान हलवली, नको. तो विंगेतून थोडा पुढे आला, जिथून मी दिसेन अशा जागी टेबल सरकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. हाताची ती गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती. कादरभाईंनी सांगितली असेल. तो म्हणाला,

“हवा पुरे झाली का हात खाली घेजा, ताई. मी पाहून राह्यलो.”